पुस्तकांची सोयरीक

लायब्ररीवाल्या काकांच्या तोंडून मी कधी कुठल्या पुस्तकाचं खरं नाव ऐकलं नाही. एखादा नवा सभासद यायचा, मोठ्या उत्साहाने कादंबरीचं नाव सांगायचा, लेखकाचं सांगायचा. काका डोक्यावरचं पिवळं हेल्मेट जरा मागे सरकवायचे आणि विचारायचे, "म्हणजे कावीळवालं म्हणता का तुमी?" माणूस गोंधळायचा, कारण त्या कादंबरीत कुणालाच कावीळ झालेली नसे. कावीळ झाली होती सेक्टर सातमधल्या एका शाळामास्तरीणबाईंना, आणि ती कादंबरी त्यांनी अंथरुणात पडून, उसाचा रस पीत पीत वाचली होती. तेव्हापासून ते पुस्तक कावीळवालं. खुद्द लेखक भिलाईला आले असते तरी काकांनी त्यांना हेच नाव सांगितलं असतं, आणि वर "बसा, फुटाणे खा" म्हटलं असतं.

हेल्मेटचंही सांगून टाकते. सेक्टर सहामध्ये आमच्या मराठी मंडळाला कंपनीच्या एका जुन्या क्वार्टरची पुढची खोली मिळाली होती. तिथे चार लोखंडी कपाटं, एक टेबल, एक स्टूल आणि अधूनमधून खाली येणारं छत होतं. एकदा छताचा पोपडा थेट काकांच्या चहात पडला. दुसऱ्या दिवशी ते स्टील प्लांटमधलं आपलं जुनं हेल्मेट घालूनच आले आणि पुढे खोलीत असेपर्यंत ते त्यांनी कधी काढलं नाही. "काका, मग आमच्या डोक्याचं काय?" असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "तुमी दोन मिनटं येता. मी बसतो."

काकांची सगळी नोकरी प्लांटच्या स्टोअर्समध्ये गेली होती. तिथे प्रत्येक नटाला, बोल्टला, वॉशरला नंबर, आणि त्या नंबराबाहेर एक खिळा जाऊन बसला तरी गहजब. काका त्या कामात वाकबगार होते म्हणे. पण रिटायर झाल्यावर मंडळाने त्यांच्या हाती लायब्ररी दिली, तेव्हा त्यांनी पहिलं काम केलं ते पुस्तकांवरचे जुने नंबर ओल्या फडक्याने पुसून काढण्याचं. मग स्टोअर्समधून येताना आणलेल्या खाकी कागदाची कव्हरं सगळ्या पुस्तकांना घातली. कव्हरांवर नाव नाही, नंबर नाही. रजिस्टरही बंद करून टाकलं. "नंबरात बम दिवस काढले," ते म्हणायचे, "आता नातं पाहू दे जरा."

हे नातं पाहणं काय होतं, ते पुस्तक परत करायला गेलं की कळायचं. काका पुस्तक हातात घ्यायचे, कव्हरवरून तळहात फिरवायचे आणि विचारायचे, "काय आठवलं?" आपण गोष्ट सांगायला लागलो की हात वर करायचे. "गोष्ट नको सांगू. गोष्ट मले माहीत हाये. वाचता वाचता तुले तुहं काय आठवलं, ते सांग." काहीच आठवलं नाही असं म्हटलं तर ते पुस्तक पुन्हा आपल्याच हातात द्यायचे. "मंग पोटात नाही गेलं. घेऊन जा, आखीन एकदा वाच." आणि काही आठवलं असेल तर ते ऐकून घ्यायचे, उठायचे, आणि त्या आठवणीशी जुळेल अशा दुसऱ्या पुस्तकाशेजारी ते नेऊन ठेवायचे. याला ते सोयरीक जमवणं म्हणत. म्हणून लोक त्यांना पाठीमागे मध्यस्थ म्हणायचे. काकूंना तर या गोष्टीचा भारी राग. "सोताच्या पोरीची सोयरीक मी एकटीनं जमवली," त्या गणपतीत बायकांना सांगायच्या, "आन हे तिकडं पुस्तकायची जमवून राहिले."

काकांचं एक ठाम मत होतं, की एकट्या पुस्तकाला वाळवी लवकर लागते. त्यामुळे कुठलंही पुस्तक कपाटात तिरपं, एकटं पडलेलं त्यांना खपत नसे.

चरोद्याहून रेल्वेतले एक गार्डसाहेब यायचे. आंबेडकरी घरातले, वाचनाचे पक्के. त्यांनी एकदा एक जाड आत्मचरित्र परत केलं आणि सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं, की त्यातलं उपाशी लहानपण वाचताना त्यांना पुस्तकातलं काही दिसलंच नाही, दिसली ती त्यांच्या मायच्या हातची आंबाडीची भाजी, कण्या घालून केलेली. काका उठले आणि ते भारदस्त आत्मचरित्र त्यांनी पाककृतींच्या पुस्तकाशेजारी ठेवलं. मंडळातल्या एकदोन विद्वानांनी नाकं मुरडली. पण पाककृतींचं पुस्तक वारंवार नेणाऱ्या एक काकू होत्या, शेतकरी घरातल्या, गोंदियाकडच्या. त्या बाजूचं म्हणून तेही घेऊन गेल्या. आत्मचरित्र हा प्रकार त्यांनी जन्मात हाती धरला नव्हता. परत करायला आल्या तेव्हा पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाल्या, "माह्या मायचीबी हेच भाजी होती." तेव्हापासून दर साली त्यांच्या परसातली आंबाडी गार्डसाहेबांच्या घरी जायची, ती त्यांची बदली होईपर्यंत. त्या पुस्तकाचं नाव अर्थातच आंबाडीवालं.

अशी कितीतरी होती. एक झोपेवालं होतं, ते एका रिटायर क्रेन ऑपरेटरचं, कारण ते वाचताना त्यांना आयुष्यात पहिल्यांदा दुपारी झोप लागली होती आणि त्यांना आपल्या आजोबांची बाज आठवली होती. एक करपलेल्या भेंडीवालं होतं, ते तत्त्वज्ञानाचं. पण काही पुस्तकांना नावं नव्हती. त्यांचा उल्लेख करायची वेळ आली तर काका नुसतं बोट दाखवायचे. हळूहळू मला कळलं, की आठवण सगळ्यांसमोर सांगितली की पुस्तकाला नाव पडतं. ज्यांची आठवण कुणी टेबलाशी वाकून हळू आवाजात सांगितली असेल, ती बिननावाची राहतात. ते हळू आवाजातलं काका कुणाला म्हणजे कुणाला सांगत नसत.

माझ्या आईची सगळी पुस्तकं बिननावाची होती.

आई दर गुरुवारी बाजाराची थैली घेऊन तिथे जायची. मला दाराजवळ जुन्या दिवाळी अंकांच्या ढिगाशी बसवायची आणि स्वतः टेबलाशी वाकून काकांशी बोलायची. घरी ती फार बोलणारी बाई नव्हती. तिथे मात्र तिचे हात हलायचे, मध्येच ती तोंडाला पदर लावून हसायची, एकदा डोळे पुसतानाही मी पाहिली होती. मला थैलीतले पेरू आणि अंकांतली व्यंगचित्रं पुरायची, त्यामुळे ती काय बोलते याची चौकशी मी कधी केली नाही. मी नववीत असताना ती गेली. आजार तिने अंगावर काढला, आणि आम्हाला कळलं तेव्हा सेक्टर नऊच्या दवाखान्यात न्यायचं तेवढं बाकी होतं.

बाबा प्लांटमध्ये कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्ट्यांवर होते. तेरवी झाली तशी त्यांनी आईच्या साड्या मावश्यांना वाटून टाकल्या आणि ड्यूटीवर गेले. त्यानंतर आमच्या घरात आईचं नाव निघालं नाही. सकाळपाळी, दुपारपाळी, रातपाळी, डबा, झोप. मी वाट पाहायची की हा माणूस कधीतरी म्हणेल, अमुक भाजी तुझी आई अशी करायची. पण ते निमूट जेवायचे आणि ताट घासायला ठेवायचे. मला वाटायचं, हे विसरले. रागाने वाटायचं. त्यांचा एक पांढरा सदरा होता, लग्नाकार्यातला, त्याला सगळी बटणं पांढरी आणि मधलंच एक हिरवं. माझ्या मामेबहिणीच्या लग्नाच्या वेळी मी ते हिरवं कापून पांढरं लावायला बसले, तर त्यांनी सदरा माझ्या हातातून काढून घेतला. "राहू दे," एवढंच म्हणाले. नवरदेवाकडची पोरं त्या बटणाकडे बोट दाखवून हसली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी लायब्ररीत एकटी जायला लागले ती दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत. मला पुस्तकं नको होती. आई त्या टेबलाशी वाकून काय बोलायची, ते मला हवं होतं. मी सरळ विचारलं. काकांनी हेल्मेटचा पट्टा उगाच घट्ट केला.

"ते तिचं हाये, पोरी."

"ती नाही ना आता."

"म्हून तं आखीन तिचं हाये."

मग त्यांनी मला तिसऱ्या कपाटाच्या खालच्या खणापाशी नेलं, खिडकीच्या बाजूला. तिथे खाकी पुस्तकांची एक छोटी ओळ होती. ते म्हणाले, सांगणारं माणूस गेलं की त्याच्या पुस्तकांच्या जागा पक्क्या होतात. दुसरे लोक ती नेऊ शकतात, वाचू शकतात, आपली आठवण सांगू शकतात, पण पुस्तक परत जागेवरच येतं. बाकी सगळी लायब्ररी महिन्या महिन्याला इकडची तिकडे होत असताना ही ओळ मात्र हललेली नव्हती. "वाचून पाह्य," ते म्हणाले. "बाजूबाजूचं वाचत जाय."

मी वाचत गेले. पहिलं एका नर्सबाईंनी लिहिलेलं पुस्तक होतं. त्याच्या शेजारी पहाडातल्या प्रवासाचं. त्याच्या शेजारी, काय असावं, तर लोणच्यांचं. पहाड आणि लोणचं यांची काय सोयरीक, मला काही केल्या कळेना. शेवटी मी मावशीला फोन करून विचारलं. मावशी खदखदून हसायलाच लागली. त्यांच्या भंडाऱ्याकडच्या घरी लोणच्याची बरणी माळ्यावर असायची, आणि माझी आई, घरातली सगळ्यात भित्री पोर, धान्याच्या कोठीवर चढून, तिथून फळीवर, तिथून माळ्यावर जाऊन लोणचं चोरायची. एकदा वरच अडकली. आजोबा शेतावरून आले तेव्हा तिला उतरवलं, आणि तोपर्यंत अर्धी बरणी फस्त झालेली होती. हे मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगायला कुणाला सुचलंच नव्हतं.

असं चालू झालं. एकेक पुस्तक वाचायचं, दोन पुस्तकं शेजारी का आहेत याचा विचार करायचा, आणि मग मावशीला, मामाला, नंदिनी नगरच्या खाणीत असलेल्या आईच्या चुलतभावाला गाठून विचारायचं. कधी धागा लागायचा, कधी नाही. पण प्रत्येक वेळी आई थोडी थोडी मिळायची. परत करताना मीही माझी आठवण सांगायची. काका ऐकायचे, मान हलवायचे आणि पुस्तक जागच्या जागी ठेवायचे. एकच माणूस होता, ज्याला मी काही विचारलं नाही. तो रोज माझ्यासमोर जेवत होता.

ओळीच्या शेवटी एक जाडसं पुस्तक होतं. बाकीची संपल्यावर मी ते उचललं, तर काकांनी ते माझ्या हातून काढून घेतलं. असं त्यांनी कधी कुणाशी केलं नव्हतं.

"हे नाही. याची जागा पक्की नाही झाली."

"आई जाऊन किती दिवस झाले, काका. पक्की कावून नाही झाली?"

त्यांनी फुटाण्यांचा बकाणा भरला, म्हणजे बोलायला नको. नंतर म्हणाले, "नाही झाली म्हणतो ना."

मला वाटलं, आईचं शेवटचं, तेच नेमकं हा माणूस दाबून बसलाय. मी तणतणत घरी आले आणि बरेच दिवस तिकडे फिरकले नाही. मध्यंतरी कुणीतरी सांगितलं की काकांचं हर्नियाचं ऑपरेशन झालंय. मी त्यांच्या घरी भेटायला गेले. काकूंनी चहा दिला. काकांनी पुस्तकांचा विषय काढला नाही आणि मीही काढला नाही.

ते घरी पडून होते त्या काळात मंडळाच्या नव्या सचिवांनी लायब्ररी लावली. माणूस चांगला होता, हौशी होता, इथेच वाढल्यामुळे बोलायचा मात्र हिंदीतच. छताची डागडुजी त्यांनीच करून घेतली. मग शाळेची सात-आठ पोट्टी गोळा केली, सगळी खाकी पुस्तकं खाली काढली, एकेक उघडून नाव पाहिलं आणि अकारविल्हे लावून टाकली. कपाटांवर अ, आ, इ, ई अशा रंगीत चिठ्ठ्या डकवल्या. मला कळलं तेव्हा मी सायकल मारत गेले. तिसऱ्या कपाटाच्या खालच्या खणात शब्दकोश आणि कसलेसे अहवाल होते. आईची ओळ चार कपाटांत विखुरली होती. मी खिडकीशी बसून रडले, आणि सचिव बिचारे माझ्याभोवती पाण्याचा ग्लास घेऊन हिंडत होते. "अरे बेटा, हुआ क्या? सब किताबें तो हैं."

काका आले ते एका रविवारी सकाळी, काठी टेकत. दारात उभं राहून त्यांनी चिठ्ठ्या वाचल्या. नवं पांढरं छत पाहिलं. मग खिळ्यावरचं हेल्मेट काढून डोक्यावर चढवलं.

"बाप्पा," ते म्हणाले. "पूरा स्टोअर बसवून ठेवला इथं."

"काका, दुनियाभर में लाइब्ररी ऐसी ही होती है," सचिव म्हणाले.

"असन," काका म्हणाले आणि स्टुलावर बसले. मला वाटलं आता हा म्हातारा कडाडणार. पण ते फक्त दमलेले दिसले. डॉक्टरांनी त्यांना वाकायला, उचलायला मनाई केली होती. मग म्हणाले, "मले तं आता वाकता येत नाही. ज्यायचं त्यायनं लावावं."

हा निरोप बाजारात आणि प्लांटच्या गेटवर कसा फिरला कोण जाणे, पण पुढच्या रविवारी खोलीत माणूस मावेना. मास्तरीणबाई आल्या आणि त्यांनी आपली कादंबरी ओळखली ती पानांवरच्या उसाच्या रसाच्या डागांवरून. क्रेन ऑपरेटर आले आणि "माहं झोपेवालं कुठं गेलं बुवा" म्हणत प्रत्येकाला अडवत राहिले. आंबाडीच्या काकू पाककृतींचं पुस्तक छातीशी धरून, आत्मचरित्र सापडेपर्यंत हलायला तयार नव्हत्या. काका मधोमध स्टुलावर, हेल्मेट घालून, कुणी विचारलं तर नुसतं बोट दाखवत होते. ऑर्डर नाही, आवाज नाही. सचिवांना कुणीतरी एक पुस्तक देऊन कोपऱ्यात बसवलं होतं आणि ते खरंच वाचत होते.

मी आईची ओळ लावली. मला ती पाठ होती. नर्सबाई, पहाड, लोणचं, आणि पुढची सगळी. फक्त शेवटचं पुस्तक कुठलं, ते मला माहीत नव्हतं. ते मी उघडूनच पाहिलं नव्हतं, आणि बाहेरून तर सगळी सारखीच खाकी. मी काकांकडे पाहिलं. ते दुसरीकडे पाहत होते. शेवटी ओळ कलंडू नये म्हणून मी त्या मोकळ्या जागी फुटाण्यांचा डबा टेकवून ठेवला.

दुपार झाली होती. दाराशी सायकल लागल्याचा आवाज आला आणि बाबा आत आले. सकाळपाळी करून आले होते, पायांत प्लांटचे जड बूट, गळ्यात टॉवेल. माझ्या समजुतीप्रमाणे त्या खोलीत त्यांनी आयुष्यात पाऊल टाकलेलं नव्हतं. मला वाटलं मला न्यायला आलेत. पण ते माझ्याजवळ आले नाहीत. थेट तिसऱ्या कपाटाशी गेले, खाली वाकून ओळ पाहिली, फुटाण्यांचा डबा पाहिला, आणि तिथून शेवटच्या कपाटाकडे वळले. तिथलं एक पुस्तक काढून उघडलं, मिटून ठेवलं. दुसरं उघडलं. तिसरं उघडून त्यांनी ओठ हलवत पहिली ओळ वाचली आणि ते घेऊन आले. डबा उचलून माझ्या हातात दिला आणि आईच्या ओळीच्या शेवटी ते पुस्तक ठेवलं. तळव्याने दाबून नीट बसवलं.

"तुमाले कसं माहीत?" मी विचारलं.

"मीच ठेवलं होतं ना."

"कधी?"

बाबांनी टॉवेलने मान पुसली. "तुही माय गेली तवा हे घरीच होतं. मी परत द्याले आलो. या लायब्ररीवाल्या साहेबांनी घेतलंच नाही. म्हणे, काय आठवलं? मी म्हटलं, मी नाही वाचलं, बाईनं नेलं होतं. तं म्हणे, बाई नाही, तं तुमी वाचून या."

"मंग?"

"मंग काय. वाचलं. रेस्ट रूममध्ये, डब्याच्या टायमाले. पावसाळा गेला, हिवाळाबी गेला." आणि माझा चेहरा पाहून थोडे दुखावल्यासारखे म्हणाले, "सातवी पास आहो मी."

एवढ्यात काका काठी आपटत उठले. "चला रे, चहा आला असन बाहीर. चला, चला. वाचता काय सचिवसाहेब, चहा थंडा होते." कुणी चहा सांगितलेला नव्हता. पण हेल्मेटनिशी उठून त्यांनी त्या अख्ख्या गर्दीला अंगणात हाकललं आणि दार ओढून घेतलं.

मग त्या खोलीत जे विचारतात तेच मी बाबांना विचारलं. त्याच्याशिवाय मला काही सुचलंच नाही.

"काय आठवलं?"

बाबा खिडकीकडे तोंड करून उभे होते. "त्यात एक नाववाला हाये. नवरा-बायकोले नदीपार नेते तो," ते म्हणाले. "मले वैनगंगा आठवली. लग्न झाल्यावर आमी दोघं डोंग्यात बसून आलो. तुही माय पाण्याले भेत होती. डोंगा हालला तशी तिनं माह्या सदऱ्याले धरलं. बटन तुटलं आन पाण्यात गेलं. तिले लय वाईट वाटलं. घरी आल्यावर तिच्यापाशी एकच बटन होतं, तिच्या पोलक्याचं. तेच लावलं तिनं."

"हिरवं," मी म्हणाले.

"हाव."

आम्ही दोघं तिथेच, त्या खणापाशी जमिनीवर बसलो. बाबा खूप बोलले असं नाही. पण बोलले. साड्या का वाटून टाकल्या तेही म्हणाले. पेटीत ठेवल्या असत्या तर रोज पेटी उघडली असती, आणि ड्यूटीवर जाणं झालं नसतं.

काका आत आले तेव्हा त्यांनी आमच्याकडे न पाहता ओळीकडे पाहिलं. शेवटच्या पुस्तकाला काठीच्या टोकाने हलकेच टोचलं.

"बसलं?"

"बसलं," बाबा म्हणाले.

"झाली का मग आता पक्की?" मी विचारलं.

"कशाची होते," काका म्हणाले आणि माझ्या हातातला डबा घेऊन फुटाणे तोंडात टाकले. "तुहा बाप बसला हाये ना इथं धडधाकट."

ते पुस्तक मी त्यानंतरही मागितलं नाही. काका पुढे पाच-सहा वर्षांनी गेले. ज्या दिवशी गेले त्या दिवशी काकूंनी त्यांचं हेल्मेट मंडळात पाठवलं आणि सांगितलं, हे घरात नको, तिकडचं तिकडं राहू द्या. मग क्वार्टर कंपनीला परत द्यावं लागलं, तेव्हा सचिवांनीच सगळ्यांना बोलावून ज्याची त्याची पुस्तकं ज्याच्या त्याच्या घरी नेऊ दिली, शेजार न मोडता. आईची ओळ माझ्याबरोबर जुनवानीच्या घरी आली. माझा मुलगा तिच्यापुढे क्रिकेट खेळतो आणि चेंडू लागला की "सॉरी नानी" म्हणतो. कुणी शिकवलेलं नाही.

बाबा या वर्षी होळीनंतर गेले. शेवटपर्यंत सदरा पेटीत नव्हता, खुंटीवर होता. तेरवीनंतर पाहुणे पांगले तशी मी ओळीच्या शेवटचं पुस्तक काढलं आणि वाचायला घेतलं. घाईने वाचलं नाही. बाबांनी कुठे कुठे बोट ठेवून वाचलं असेल ते कळत होतं, कारण पानांच्या कडेला काळसर ठसे आहेत, कोक ओव्हनचे. नाववाल्याच्या पानावर सगळ्यात जास्त.

काल ते संपलं. परत द्यायला ती खोली नाही, टेबल नाही, तळहात फिरवून घेणारं कुणी नाही. म्हणून हे इथे सांगितलं. हळू आवाजात सांगितलं असतं तर ते माझ्यापाशीच राहिलं असतं. सगळ्यांसमोर सांगितलं की काय होतं ते काकांच्या प्रत्येक सभासदाला ठाऊक आहे. तेव्हा काका, लिहून घेऊ नका, तुम्ही लिहीत नव्हताच, पण ऐकून ठेवा. जागा पक्की झाली. आणि नावही पडलं. बटनवालं.